माळढोक अभयारण्य आणि सातबारा: नान्नजच्या माळाचं प्रकरण

हे प्रकरण सार्वजनिक आहे म्हणून जागेचं नाव लपवलेलं नाही, माणसांची नावं मात्र मुद्दाम टाळलीत. शेतकरी, वनरक्षक, पक्षिनिरीक्षक सगळे बिननावाचे. कोण चुकलं यापेक्षा कुठल्या वळणावर काय ठरलं आणि दुसरं काय ठरवता आलं असतं हे बघायचंय.

पार्श्वभूमी

सोलापूर-बार्शी रोडवर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. द्राक्षवाल्यांना हे गाव सोनाकामुळे माहीत, ती जात इथल्याच एका शेतकऱ्याच्या बागेतली. पक्षीवाल्यांना ते माळढोकमुळे माहीत. एकाच गावाच्या या दोन ओळखी, आणि पुढे त्याच एकमेकींच्या आड आल्या.

माळढोक म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सगळ्यात जड गड्यांपैकी एक. नर १५ किलोपर्यंत भरतो, उंची मीटरभर. पावसाळ्यात नर माळावरच्या ठरलेल्या उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवतो, ती फुगत फुगत पार खाली लोंबते, शेपटीचा पंखा पाठीवर उलटा उभा राहतो, आणि मग छातीतून एक खोल हुंकार निघतो तो लांबवर ऐकू जातो. माद्या हे बघून नर निवडतात आणि नराचं काम तिथंच संपतं. पुढचं सगळं मादीचं. ती एक अंडं घालते, बहुतेक वेळा एकच, घरटं वगैरे भानगड नाही, मुरमावर गवताच्या आडोशाला नुसतं ठेवलेलं, आणि जवळपास चार आठवडे एकटी त्यावर बसते. खोकड आलं, मुंगूस आलं, कावळ्यानं बघितलं, गावातलं कुत्रं हुंगत आलं, अंडं गेलं.

आता हा हिशोब नीट बघा कारण पुढचं सगळं यावरच आहे. काही प्राणी भरपूर पिल्लं घालतात, त्यातली बरीच मरतात, तरी चालतं. माळढोकचं उलटं आहे, पिल्लं अगदी कमी आणि प्रत्येक मोठा पक्षी बरीच वर्षं जगला तरच हिशोब जमतो. अशा प्राण्याचं वर्षाला दोन-चार मोठ्या पक्ष्यांचं जादा मरण सुद्धा थोड्या वर्षांत सगळा कळप बसवतं. आणि ते लगेच दिसत नाही, कारण म्हातारे पक्षी दहा-बारा वर्षं फिरत राहतात, लोकांना वाटतं आहेत की अजून, पण खालून नवीन पिढी येतच नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे तो फक्त गवतात राहत नाही. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, आणि शेतातला हरभरा, भुईमूग सुद्धा. पावसाळ्यात अंड्यासाठी शांत माळ हवा, बाकी वेळ शेतं, पडीक, बांध, गायरान असं सगळीकडे हिंडणं. हा पट्टा पर्जन्यछायेचा, पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या घरात आणि तोही लहरी. त्यामुळे खरिपात बाजरी, तूर, मटकी, रब्बीला मालदांडी ज्वारी, आणि जिथे माती दोन बोटं तिथे कोणी नांगर घालायच्या फंदात पडत नसे, तिथे मेंढरं. म्हणजे माळढोकचं घर माणसानं राखून ठेवलेलं नव्हतं, पण माणसाच्या शेतीच्या पद्धतीमुळेच ते टिकलेलं होतं. कोरडवाहू शेतकरी आणि धनगर हे त्या घराचे न नेमलेले राखणदार होते म्हणा हवं तर.

अडचण कशी तयार झाली

सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली इथे माळाचे काही प्लॉट कुंपण घालून राखले गेले, हेतू होता माती-पाणी आणि चारा. गवत वाढलं आणि तिथे माळढोक दिसायला लागले. सोलापुरातल्या पक्षिनिरीक्षकांनी हा विषय लावून धरला, आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं.

क्षेत्रफळ ८४९६ चौरस किलोमीटर.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. अख्खा गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे दोन गोवे बसून वर जागा उरेल एवढं अभयारण्य, सोलापूरचे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगरचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा अशा तालुक्यांतून पसरलेलं. यात गावं आली, बाजार आले, रस्ते, विहिरी, शाळा, सगळं आलं. वनखात्याच्या ताब्यातली जमीन यात अगदी थोडी, तीही तुकड्या-तुकड्यांत. बाकी सगळी लोकांची सातबाऱ्यावरची खाजगी शेती.

कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातलं कलम २० सांगतं की अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्क सोडून नवा हक्क तयार होत नाही. जंगलाच्या मध्ये चार पाडे आहेत अशा ठिकाणी या कलमाला अर्थ आहे, कारण नंतर कोणी येऊन प्लॉट पाडू नयेत. पण हेच कलम सात तालुक्यांच्या शेतीला लागू झालं तर काय होतं?

चित्र असं होतं. घरात लग्न ठरलंय, बापाला दोन एकर विकायचंय, गिऱ्हाईक पण आहे, आणि दुय्यम निबंधकाकडे गेल्यावर कळतं की गट अभयारण्यात आहे, खरेदीखत होत नाही. त्याच्या जमिनीवर त्यानं आयुष्यात कधी माळढोक बघितलेला नाही. एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची, अडतं. रस्ता रुंद करायचा, वर दिल्लीपर्यंत परवानगी. त्यात काळवीट वाढले, ते रात्री ज्वारीत शिरायचे, आणि काळवीट पण कायद्याच्या शेड्यूल एकमधले, सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतले, म्हणजे हाकलण्यापलीकडे काही करता येत नाही. भरपाईचे कागद करायचे तर तलाठी, वनपाल, पंचनामा, आणि हातात येणारी रक्कम बघून माणूस पुढच्या वेळी अर्जच करत नाही.

म्हणजे ज्या माणसाच्या ज्वारीत पक्षी चरत होता त्याच माणसाला हा पक्षी नको झाला. मला विचाराल तर या प्रकरणात माळढोकची खरी हार इथे झाली, पक्षी दिसेनासे व्हायच्या कितीतरी आधी.

कोणते पर्याय होते

१९७९ ला सरकारसमोर साधारण तीन रस्ते होते. पहिला, प्रत्यक्षात झाला तो, मोठी रेघ मारा आणि आतलं सगळं एकाच कायद्याखाली घ्या. याच्या बाजूनं एक वाजवी युक्तिवाद होता हे मान्य करायला हवं, पक्षी लांब लांब फिरतो, लहान तुकडा राखून तो वाचणार नाही. जीवशास्त्र म्हणून हे शंभर टक्के बरोबर.

दुसरा, फक्त विणीच्या जागा, म्हणजे सरकारी माळाचे तुकडे, कडक राखायचे आणि बाकी शेतीला हात लावायचा नाही. याची गंमत म्हणजे जवळच एक उदाहरण पुढच्याच वर्षी उभं राहिलं. कर्जत तालुक्यात रेहेकुरी काळवीट अभयारण्य, १९८०, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. एवढंसं. आणि ते चाललं, काळवीट टिकले, वाढले. पण काळवीट लवकर वितो आणि छोट्या जागेत कळपानं राहतो, माळढोकला तसं जमत नाही, त्याला विणीची जागा राखली तरी वर्षातले बाकीचे महिने बाहेरच काढायचे असतात. त्यामुळे रेहेकुरीचा फॉर्म्युला इथे जसाच्या तसा चाललाच असता असं नाही.

तिसरा, तुकडे कडक राखायचे आणि भोवतीच्या शेतकऱ्याशी करार करायचा. तुझी जमीन तुझीच, विक तुला कोणाला विकायची ती, पण पावसाळ्यातले काही महिने अमुक गटात नांगर नको, कुत्रं सोडू नको, आणि त्याबद्दल हेक्टरी एवढे पैसे घे. त्या काळात हे कोणाच्या डोक्यात येणं अवघड होतं, कारण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान सोडून फारसं हत्यारच नव्हतं. लोकांच्या जमिनीवरचं संवर्धन आणि संवर्धन राखीव क्षेत्र या गोष्टी कायद्यात आल्या २००२ च्या दुरुस्तीनं. तोवर तेवीस वर्षं झालेली.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

रेघ मारली आणि मग प्रत्यक्ष काम झालं ते फक्त प्लॉटांत. कुंपण, चर, पाणवठे, टेहळणीचा मनोरा, पहारा. ही कामं वाईट नव्हती, ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी इथे बसून माळढोकचा जो अभ्यास केला तो आजही कामाला येतो, आणि राखलेल्या गवतात पक्षी वीण करत होते हेही खरं.

पण प्लॉटांतला एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो, तो झाडांचा. आपल्याकडे निसर्ग वाचवणं म्हणजे झाड लावणं असं समीकरण इतकं घट्ट बसलंय की माळ दिसला की खड्डे खणायची घाई होते. माळराखणीच्या योजनांत ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी असली झाडं लागली कारण उद्दिष्ट हेक्टरी रोपांत मोजायचं होतं. आता माळढोकच्या बाजूनं बघा. त्याचा सगळा बचाव लांबवर नजर जाण्यात आहे. झाडांची रांग आली की शिकारी पक्ष्याला बसायला जागा, कोल्ह्या-कुत्र्याला आडोसा, आणि उडताना अडथळा. शिवाय सावलीत पवना, मारवेल, कुसळी असलं माळाचं गवत मागे पडतं आणि त्याबरोबर नाकतोडे, चंडोल, माळटिटवी, धाविक सगळी साखळी ढिली होते.

माळ म्हणजे तुटलेलं जंगल नाही, तो आपल्या जागी पूर्ण असलेला अधिवास आहे. पण सरकारी नकाशात तो पडीक. आणि पडीक म्हटलं की ती जागा कशालाही रिकामी. हे फक्त तेव्हाचं नाही, २०१६ ला राज्यात २ कोटी झाडांची मोहीम झाली, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी, आणि एवढी रोपं लावायला जागा कुठून येणार, तर गायरान आणि माळ.

चराईचंही थोडं तसंच. कुंपण घालून मेंढरं पूर्ण बंद केली की दोन-तीन वर्षं गवत मस्त येतं, नंतर जुनं गवत साचून दाट होतं, इतकं की माळढोकला त्यातून चालणं जड जातं आणि आगीचीही भीती. बेसुमार चराई वाईटच, पण माफक चराई माळाला लागते. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना पहाऱ्याच्या पलीकडे ठेवण्याऐवजी पाळीपाळीनं कुठला प्लॉट कधी मोकळा याचं वेळापत्रक त्यांच्याबरोबर बसून करता आलं असतं.

मधल्या काळात बाहेर काय बदललं

इकडे प्लॉटांत राखण चालू होती आणि तिकडे प्लॉटाबाहेरचं सगळं जग बदलत होतं. ऐंशीच्या सुमाराला उजनी धरण झालं, कालवे आले, मग बोअर, मग ठिबक. जिथे बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस आला, साखर कारखान्यांची रांग लागली. नान्नजच्या बाजूला द्राक्षं. शेतकऱ्याला यात दोष देण्यात काही अर्थ नाही, आयुष्यभर दुष्काळ बघितलेल्या माणसाला पाणी मिळालं तर तो काय करेल? पण माळढोकसाठी द्राक्षबाग म्हणजे तारांचा मांडव, वर्षभर माणसांची वर्दळ आणि फवारणी. नाकतोडे संपले. ऊस म्हणजे बारा महिने उंच भिंत. विजेच्या लाईनी वाढल्या, आणि माळढोकचे डोळे बाजूला असल्यामुळे उडताना नाकासमोरची तार त्याला उशिरा दिसते आणि अंग जड असल्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही.

इथे या प्रकरणाची सगळ्यात मोठी विसंगती आहे. अभयारण्याचा कायदा जमीन विकू देत नव्हता, पण त्याच जमिनीत ज्वारी काढून ऊस लावायला कोणी अडवत नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याला जे टोचत होतं त्यानं पक्ष्याला काडीचा फायदा नव्हता, आणि पक्ष्याला जे मारत होतं त्याला कायद्यात कुठे जागाच नव्हती. ८४९६ चौरस किलोमीटर कागदावर होते तसेच राहिले आणि आतलं घर हळूहळू प्लॉटांच्या कुंपणापर्यंत आक्रसत गेलं.

धोक्याची घंटा आधी वाजली होती. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा अभयारण्य १९८१ ला माळढोकसाठीच झालं, तिथेही जमीन-व्यवहार अडले, काळवीट वाढले, पिकांची नासाडी, लोक चिडले, आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत माळढोक तिथून गेले. हे सगळं नान्नजमध्ये अजून पक्षी असताना घडलं होतं. त्यावरून इथली घडी बदलायला हवी होती, बदलली नाही.

हद्द कमी करण्याचा निर्णय

लोकांचा दाब वाढत गेला, निवडणुकीत हा मुद्दा यायला लागला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१२ च्या आसपास अभयारण्य ८४९६ वरून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पक्षीप्रेमींनी याला पराभव म्हटलं. मला तसं वाटत नाही. जे सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटर वगळले त्यात माळढोकला राहण्यासारखं फार थोडं उरलं होतं आणि वगळल्यामुळे हजारो कुटुंबांचा गळफास सुटला.

चूक वगळण्यात नव्हती, वगळताना बदल्यात काही न मागण्यात होती. वाटाघाटीला एवढी चांगली वेळ परत आली नसती. गाव मोकळं करतो, त्या बदल्यात गावचं गायरान वीस वर्षं गवताखाली ठेवायचं, रोपं लावायची नाहीत, पवनचक्की-सोलरला द्यायचं नाही, ग्रामपंचायतीला दर वर्षी ठरलेली रक्कम. लोकांनी हे ऐकलं असतं असं मला वाटतं, कारण त्यांच्या हातात त्या दिवशी खरंच काहीतरी पडत होतं. तसं झालं नाही, गावं सुटली आणि विषयही सुटला.

निकाल

माळढोक २०११ मध्ये जागतिक यादीत अतिधोक्याच्या वर्गात गेला. देशभरात आता दीडशेच्या आसपास उरलेत असं धरलं जातं, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला एखादा पक्षी दिसला तर पेपरात बातमी येते, एवढ्यावरून समजून घ्या. वीण करणारा कळप इथे उरलेला नाही.

बाकीचं मात्र सगळं गेलेलं नाही, आणि हे सांगायला हवं. त्याच प्लॉटांत लांडगे आहेत, काळवीट आहेत, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, चंडोल, धाविक दिसतात. माळढोकच्या नावानं राखलेल्या गवतानं बाकीच्यांना सांभाळलं. एका मोठ्या प्रजातीच्या छत्रीखाली बाकीचे वाचतात असं पर्यावरणशास्त्रात सांगतात, ते इथे विचित्र पद्धतीनं खरं ठरलं, छत्रीवालाच गेला.

वेगळं काय करता आलं असतं

अंडी गोळा करून पिंजऱ्यात वाढवण्याचा मुद्दा यात नेहमी निघतो. जैसलमेरजवळ हे केंद्र २०१९ ला सुरू झालं, चालतंय, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. हेच काम नव्वदीत सुरू झालं असतं तर दख्खनच्या माळावरचे पक्षी त्यात आले असते. तेव्हा विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की पिंजऱ्याच्या नादात माळ राखायचं राहून जाईल, म्हणणं चुकीचं नव्हतं, पण झालं असं की पिंजराही झाला नाही आणि माळही राहिला नाही. अशा सावकाश वाढणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत पक्षी भरपूर असतानाच हा विमा काढायचा असतो.

पण माझ्या मते सगळ्यात आधी बदलायची गोष्ट अगदी साधी, महसुली कागदातली होती. क्षेत्रफळ मोठं ठेवा, पण आत वेगवेगळे पट्टे करा: विणीचे तुकडे कडक, त्याभोवती कोरडवाहू पिकाला आणि पडीक ठेवण्याला पैसे, आणि बाकी गावांना फक्त तारांचं आणि मोठ्या बांधकामाचं बंधन, खरेदी-विक्रीचं नाही. वीज कंपनीला पहिल्यापासून बसवून विणीच्या जागांभोवतीच्या लाईनी जमिनीखाली घ्यायला लावणं हे पण त्यातच आलं. राजस्थान-गुजरातच्या लाईनींवर सुप्रीम कोर्टाचा आदेश २०२१ ला आला आणि २०२४ ला तोही बदलून समितीकडे गेला, म्हणजे उशिरा केलं की किती महाग पडतं ते दिसतंच.

आणि आत्ता करता येण्यासारखं एक काम आहे, ते कुठल्याही तालुक्यात चालेल. वृक्षलागवडीच्या उद्दिष्टाची यादी ग्रामसभेत येते तेव्हा त्यातले गट नंबर बघायचे. गावच्या जैवविविधता समितीची नोंदवही असते, बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीनं भरून कपाटात ठेवलेली असते, ती काढायची आणि कुठल्या गटात पवना-मारवेल आहे, कुठे टिटवीची अंडी सापडतात, मेंढरं कुठल्या महिन्यात कुठे बसतात हे धनगरांना विचारून त्यात लिहायचं. मग ठराव करायचा की हे गट चारा-गवतासाठी राखीव, इथे खड्डे नकोत, रोपं लावायचीच असतील तर ती रस्त्याकडेला, ओढ्याकाठी आणि गावठाणात लावा. ठराव लेखी असला आणि त्याची प्रत वनखात्याला व तहसीलला दिलेली असली की पुढच्या जूनमध्ये जेसीबी माळावर यायच्या आधी कोणालातरी तो कागद वाचावा लागतो.